उभ्या गाडीचा भरवसा

माझ्या लग्नाची वरात निघता निघेना. मी फुलांनी सजवलेल्या जीपमध्ये बाशिंग सावरत बसलेलो, पुढे बँड वाजतोय, नाचून नाचून लोक घामाघूम झालेत आणि जीप काही केल्या जागची हलत नाही. चालवायला माझा मावसभाऊ होता. तो गिअर टाकायचा, जीप पुढे झुकायची आणि पुन्हा मागे बसायची. "क्लच गेला," तो म्हणाला. मग सगळी वऱ्हाडी मंडळी धक्का मारायला लागली. त्यांच्यात सगळ्यांत जोरानं धक्का मारत होते आमचे उस्ताद. इस्त्रीचा पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला, गळ्यातला दुपट्टा सुटून लोंबतोय आणि तोंडानं सारखं चाललंय, "हां, एक साथ! लावा जोर!"

शेवटी बँडमधल्या एका सनईवाल्यानं वाजवायचं थांबवून खाली वाकून पाहिलं.

"चाकाखाली गोटा कोणं ठेवला बे?"

उस्ताद धक्का मारायचे थांबले. दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, "अरे हाव. म्याच ठेवला. नवरदेव चढून राह्यला होता, म्हटलं तेवढ्यात गाडी सरकू नये."

आजही आमच्या जानेफळकडे माझ्या लग्नाची आठवण निघाली की लोकांना नवरी आठवत नाही, जेवण आठवत नाही, तो गोटा आठवतो. बायको अजून त्यावरून बोलते.

उस्तादांचं नाव मी सांगत नाही. त्यांना त्यांच्या नावानं हाक मारणारं तेव्हा तरी कोणी उरलं नव्हतं. मी आणि ते एकाच मालकाच्या गाड्यांवर ड्रायव्हर होतो. मी तिशीच्या अलीकडचा, ते पंचेचाळीस ओलांडलेले. उंच, काटकुळे, आवाज इतका मऊ की ढाब्यावर चहा मागितला तर पोऱ्याला ऐकूच जायचा नाही. लग्न केलेलं नव्हतं. ड्रायव्हरला मुलगी द्यायला लोक आधीच कां-कू करतात, त्यात उस्ताद मुलगी बघायला गेले तेव्हा म्हणे त्यांनी ओसरीवर चढण्याआधी बाटलीतलं पाणी अंगणात ओतलं आणि ते कुठे वाहत जातं ते बघत उभे राहिले. मुलीच्या बापाला वाटलं, पाहुणा काही करणी करतोय. बोलणं तिथंच मोडलं. उस्तादांना विचारलं तर म्हणाले, "ट्रक घेऊन गेलो होतो ना गड्या. उतार पाह्याले नको काय?"

कारण उस्तादांचा एका गोष्टीवर जन्मात विश्वास बसला नाही, आणि ती गोष्ट म्हणजे उभी गाडी. चालत्या गाडीची त्यांना कसली भीती नव्हती. घाटात समोरून एसटीचा लाल डब्बा अंगावर आला तरी ते निवांत बाजू देत. पण गाडी उभी करायची म्हटली की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. आधी बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतायचं. पाणी ज्या बाजूला जाईल तो उतार. मग हँडब्रेक ओढायचा, गिअरमध्ये टाकायची, उतरून एक फेरी मारायची, आणि सीटखालून बाभळीचे दोन ठोकळे काढून चाकांना लावायचे. ते ठोकळे त्यांनी स्वतः तासले होते, धरून धरून त्यांना तेल लावल्यासारखी झिलई चढली होती. एवढं झालं की बंपरवर हात ठेवून, लहान मुलाला थोपटावं तसं थोपटायचं आणि म्हणायचं, "बस बाई, बस. मी च्या पिऊन येतो." मग दोन पावलं मागे सरकून वाट पाहायची. गाडी बसली अशी खात्री पटली की मग चहा. तोवर आमचा दुसरा चहा झालेला असायचा.

"उस्ताद, हँडब्रेक ओढला ना? मंग?" असं कोणी विचारलं की म्हणायचे, "हँडब्रेक म्हंजे पाव्हण्याचा शब्द. येतो म्हंते, आन येत नाई."

आणि दुसरं एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "उभी गाडी झोपत नसते रे. इचार करत असते."

मालकाच्या ऑफिसात चाकांची फिरती खुर्ची आली तेव्हाची गोष्ट. मालक मोठ्या हौसेनं तिच्यात बसून आमच्याशी बोलत होते. बोलता बोलता उस्तादांनी पायातली एक चप्पल काढून हळूच खुर्चीच्या चाकाला लावली. मालकांना फोन घ्यायला वळता येईना. आम्ही तोंडात दुपट्टा कोंबून हसत होतो. पण त्यांना वेडा म्हणायची सोय नव्हती. माझ्या मुलीच्या बारशाला एकानं त्यांना छेडलं, "उस्ताद, पाळण्याले नाई लावला गोटा?" तर त्याच्याकडे कीव करावी तसं बघून म्हणाले, "पाळण्याले चाकं असते काय? मी काय येडा आहो काय?"

दुपारच्या वेळी खामगावच्या रस्त्यावर एका ढाब्यावर आमची मैफल जमायची. सरकीची ढेप भरून आलेले, सोयाबीन उतरवून चाललेले, असे पाच-सहा जण खाटांवर बसले की कुठून तरी विषय निघायचाच, कोणाची गाडी कशी आपसूक गेली होती. ज्यानं चार-पाच वर्षं ट्रक चालवला त्याच्याकडे अशी एक तरी गोष्ट असतेच. माझीही होती. लोणारजवळ चहाला उतरलो, ग्लास हातात घेऊन वळलो तर जिथं गाडी उभी केली होती तिथं नुसती धूळ. क्षणभर वाटलं, मी आज गाडी आणलीच नव्हती की काय! रस्त्याच्या पलीकडे खाली एका शेतात कडब्याची गंजी होती, तिला पाठ टेकवून माझा ट्रक उभा होता. शेजारी एक म्हातारा बिडी ओढत बसला होता. मी धापा टाकत पोचलो तर म्हणतो, "गाडी कवाची येऊन बसली, तुमी कुठी होते?"

चिखलीच्या एका ड्रायव्हरची याहून भारी. तो दुपारी जेवण अर्धवट टाकून केबिनमध्ये जरा आडवा झाला. गाडी त्याला घेऊन हळूच रस्ता ओलांडून समोरच्या ढाब्याच्या अंगणात जाऊन थांबली. गडी उठला, उतरला आणि उरलेली भाकर मागायला लागला. ढाबेवाला म्हणे, तुम्ही इथं जेवलाच नाही. हा म्हणे, मघाशीच तर शेवभाजी सांगितली, आणि माझी खाट कोणी बदलली? दोघांची चांगली जुंपली. शेवटी पलीकडून पहिला ढाबेवाला याचं ताट हातात धरून ओरडायला लागला, तेव्हा कुठे उलगडा झाला.

अशा गोष्टी उस्ताद जीव कानात आणून ऐकायचे. हसायचे नाहीत. मध्येच विचारायचे, "माल काय होता? चाक कुठल्या बाजूले वळेल होतं? पह्यले आवाज आला, का मुकाट्यानं गेली?" सगळं समजून घेतलं की एक मोठा श्वास सोडायचे आणि म्हणायचे, "माह्यावाली कधी गेली नाई बाप्पा." हे ते अभिमानानं म्हणतात की वाईट वाटून, हे आम्हाला कोणालाच कळलं नाही. वीस-बावीस वर्षं गाडी चालवून ज्याला सांगायला स्वतःची एक गोष्ट नाही असा त्या खाटांवर तो एकटाच माणूस होता.

त्यांच्या या धास्तीमागे काहीतरी भयंकर घडलेलं असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. कोणी सांगे, लहानपणी त्यांच्यादेखत बैलगाडी विहिरीत गेली. कोणी सांगे, त्यांचा भाऊ गेला. एकदा घाटात टायर थंड व्हायची वाट बघत आम्ही दोघंच बसलो होतो, तेव्हा मी धीर करून विचारलं.

"उस्ताद, नेमकं झालं काय होतं?"

"कधी?"

"म्हंजे... हे ठोकळे, पाणी, हे सगळं कशापाई?"

ते माझ्याकडे आश्चर्यानं बघत राहिले. "काही नाई झालं. काऊन? काही झाल्याशिवाय माणसानं काळजी करू नये काय?"

मी उठून टायरला हात लावून पाहिला.

आमच्या जिल्ह्याचे दोन मजले आहेत. घाटावर आणि घाटाखाली. आम्ही घाटावरचे. थंडी सरता सरता घाटाखाली संग्रामपूरकडे संत्र्यांचा माल निघाला की मालक आमच्या गाड्या तिकडे पाठवत. त्या वर्षी आम्ही दोघं दोन गाड्या घेऊन निघालो. रिकामी कॅरेट भरलेली, उन्हं कोवळी, उस्ताद पुढे, मी मागे. घाट उतरताना एका वळणावर एक अनोळखी ट्रकवाला चाक बदलत होता. बिचाऱ्यानं मुठीएवढे दगड गोळा करून चाकांना लावले होते. उस्तादांनी ते पाहिलं आणि गाडी थांबवली. उतरले, स्वतःचे दोन्ही ठोकळे काढले आणि त्याच्या चाकांना लावून आले.

"दादा, तुमी काय लावसान?" त्यानं विचारलं.

"पाहू. आपल्या मुलुखात गोट्याइचा काय तोटा आहे?"

मला तेव्हाच नवल वाटलं. ते ठोकळे त्यांनी आजवर कोणाला हात लावू दिले नव्हते.

संग्रामपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एक लहान वस्ती आहे. वस्तीत शिरणारा रस्ता चांगला उताराचा. वर तोंडाशी एक हापशी, तिच्याशेजारी एक मातीचं नेटकं घर. खाली रस्ता संपतो तिथं मोकळ्या मैदानात ताडपत्रीच्या सावलीत बायका बसून संत्री निवडत होत्या. लहान-मोठी, डागाची-बिनडागाची. त्यांच्यासमोर संत्र्यांचा हा मोठा ढीग. व्यापाऱ्यानं खालूनच हात केला, जागा होईपर्यंत वरच थांबा.

मी माझी गाडी मागे, जरा सपाटीवर लावली. उस्तादांना मिळाली ती नेमकी उतारावरची जागा. त्यांनी पाणी ओतलं. पाणी असं पळालं की बघायला मिळालं नाही. उस्तादांच्या कपाळावर दुप्पट आठ्या पडल्या. त्यांच्या गाडीला गिअर सुटायची खोड होती, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होतं. ठोकळे तर घाटात राहिलेले. ते इकडे तिकडे बघायला लागले आणि हापशीजवळ त्यांना एक दगड दिसला. काळा, चपटा, गुळगुळीत, चांगला बैठकीचा.

"हा पाह्य," ते हरखून म्हणाले. "असा गोटा देव रोज देत नाई."

आम्ही दोघांनी मिळून तो उचलला आणि पुढच्या चाकाखाली सारला. बंपर थोपटला. "बस बाई, बस." आणि जरा मागे एका कडुनिंबाखाली गाडीकडे पाठ करून भाकर सोडायला बसलो.

उस्तादांनी कांदा फोडला. मी ठेचा काढला. मागून लोखंडावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"कोणी तरी ठोकठाक करून राह्यलं," उस्ताद म्हणाले.

मग हापशीचा आवाज आला. पाणी पडल्याचा आला. मग कपडे आपटायला सुरुवात झाली. चट्ट, चट्ट, चट्ट. हवेत गारवा होता, भाकर मऊ होती, उस्ताद अगदी खुशीत होते. घास चावत म्हणाले, "आवाज आयक. धुणं धुवाले गोटा असा पाह्यजे. कसा खणखणीत..."

आणि त्यांचा घास तोंडातच राहिला.

"गोटा?" ते म्हणाले.

आम्ही दोघंही वळलो. हापशीजवळ चाळिशीची एक धडधाकट बाई पदर खोचून धुणं आपटत होती. शेजारी पहार पडलेली. आणि तिच्यासमोरचा दगड तोच होता. पुढच्या चाकाखाली काही नव्हतं. तरीही गाडी अजून उभी होती. मला वाटलं, वाचलो. तेवढ्यात गाडीच्या पोटात खट्ट झालं. गिअर सुटला. ती जरा कुरकुरली, आणि घरातली माणसं झोपलेली असताना पाहुण्यानं पाय न वाजवता निघावं तशी निघाली.

उस्ताद उठून धावले. त्या माणसाला तसं धावताना मी कधी पाहिलं नव्हतं. एका हातात भाकर, दुसरा हात गाडीकडे लांब केलेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज फुटला. "बस बाई! अवं बस! बस म्हंतो ना!"

खाली बायकांनी मान वर करून पाहिलं. ट्रक येतोय हे बघून दोघी-चौघी उठायलाही लागल्या होत्या. पण ट्रकमागून एक उंच माणूस जिवाच्या आकांतानं ओरडतोय, बस बाई, बस! उठलेल्या बायका पुन्हा खाली बसल्या.

 मीही धावत होतो. गाडीनं आता वेग घेतला होता. उस्तादांचा हात दरवाजापर्यंत पोचला आणि सुटला. आणि तेवढ्यात हापशीवरच्या बाईनं हातातली ओली साडी फेकून दिली आणि अशी आरोळी ठोकली की समोरच्या टेकडीवरून ती परत आली. "उठा वं! पळा! त्याचं नोका आयकू! पळा बाजूले!"

बायका ताडकन उठल्या आणि दोन्ही अंगांना पांगल्या. ट्रक ताडपत्रीत शिरला, बांबू कडाकडा मोडले, संत्र्यांच्या ढिगातून तो आरपार गेला आणि पलीकडच्या चरात पुढची चाकं घालून गचकन थांबला. मागच्या कॅरेटांची उतरंड धडधड कोसळली. मग सगळं शांत झालं. फक्त संत्री तेवढी अजून घरंगळत होती.

उस्ताद त्या रसाच्या चिखलातून प्रत्येक बाईपाशी गेले. "लागलं काय बाई? तुमाले लागलं काय? तुमाले?" एकीनं नाही म्हटलं तरी त्यांना पटेना, पुन्हा मागे वळून तिलाच विचारायचे. कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. मग सगळ्यांना विचारून झालं. ते तिथंच, फुटलेल्या संत्र्यांत, मांडी घालून बसले. त्यांचे खांदे हलायला लागले. मी जवळ गेलो, वाटलं रडताहेत. रडत होतेच. पण हसतही होते.

"गेली रे," ते मला म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "माहीबी गेली! गेली एकदाची!"

एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "हा बस म्हंते, ते उठ म्हंते. आमी बाया मानसाईनं आयकाव कोणाचं?" आणि मग जे हसू फुटलं ते त्या सगळ्या मैदानात पसरत गेलं. बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टाकून हसत होत्या. अंगात भरलेलं भय कुठून तरी बाहेर पडायलाच हवं होतं.

व्यापारी मात्र हसत नव्हता. तो लालबुंद होऊन आला. "चूक कोणाची हे?"

"माही," हापशीवरची बाई पुढे होऊन म्हणाली. "गोटा म्या काढला."

"नाई, नाई, माही," उस्ताद उठत म्हणाले. "गोटा त्याइचा होता. म्या इचारल्याबिगर घेतला."

"म्या सब्बल घालून काढला."

"तुमचाच होता, तुमी काढसानच. चूक माही आहे."

"तुमी कायले मधात बोलता? म्या सांगून राह्यली ना!"

व्यापारी कधी याच्याकडे, कधी तिच्याकडे बघत राहिला. चूक अंगावर घ्यायला भांडणारी माणसं त्यानं पाहिली नसावीत. शेवटी कंटाळून म्हणाला, "दोघं मिळून निवडून द्या सगळं संत्र," आणि निघून गेला.

मग ती उस्तादांकडे वळली. "मले एक सांगा. तुमच्या गाडीले ब्रेक नाईत काय?"

"हायेत ना."

"ब्रेक असूनबी गोटा लागते, तं मंग ब्रेक ठेवले कायले?"

वीस वर्षांत उस्तादांना हा प्रश्न शंभर जणांनी विचारला असेल. प्रत्येकाला त्यांनी उत्तर दिलं होतं. त्या दिवशी मात्र त्यांनी तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि ते तसंच मिटलं.

ट्रॅक्टर आणून गाडी बाहेर ओढली. उन्हं कलेपर्यंत आम्ही सगळे संत्री निवडत होतो. फुटलेली बायकांनी खाल्ली, आम्ही खाल्ली, वस्तीतल्या म्हशींनी खाल्ली. निघताना तिनं आम्हाला घरी चहा दिला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन सासरी होती, असं बोलण्यातून कळलं. उस्ताद चहा संपवून थेट हापशीजवळ गेले आणि त्या दगडापाशी उकिडवे बसले. पहारीनं त्याचा एक कोपरा उडाला होता.

"हे लय वाईट झालं," ते म्हणाले.

"गोट्याचं काय एवढं?" ती म्हणाली.

"बसका होता," उस्ताद म्हणाले. ती पहिल्यांदा हसली.

पुढच्या आठवड्यात मी उस्तादांच्या केबिनमध्ये डोकावलो तर शेजारच्या सीटवर दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी जड ठेवलेलं. उघडून बघतो तर घडवलेला काळा दगड. लोणारकडच्या एका पाथरवटाकडून त्यांनी तो मुद्दाम करून घेतला होता.

"हे काय उस्ताद?"

"धुण्याचा गोटा."

"कोणाले?"

"ज्याइचा गेला त्याइले." आणि कान लाल झाले.

लोक साडी नेतात, मिठाई नेतात. आमचे उस्ताद दगड घेऊन घाट उतरले. तिनं तो हापशीजवळ मांडला, वर हात ठेवून दाबून पाहिला आणि सांगितलं, हा डुगडुगतो. झालं. तो बसवायला उस्तादांना पुन्हा जावं लागलं. मग म्हणे एका बाजूनं पाणी साचतं. पुन्हा गेले. तो दगड खरंच डुगडुगत होता की ती मुद्दाम सांगत होती हे मला ठाऊक नाही, पण त्या हंगामात उस्तादांनी मालकाकडून संग्रामपूरशिवाय दुसरीकडचा फेरा घेतला नाही. ढाब्यावरही आता तेच बोलायचे. आपली गाडी कशी गेली ते हात नाचवून सांगायचे, पहिल्या खट्टपासून शेवटच्या संत्र्यापर्यंत. ऐकणारा कोणी "माल काय होता?" असं विचारायचा अवकाश, त्यांचा चेहरा उजळून जायचा.

हंगाम संपत आला तशी त्यांची भूक गेली. एक दिवस मला म्हणाले, "तू चाल माह्यासंग. तू बोल. तुले बोलता येते."

आम्ही गेलो. तिच्या अंगणात खाटेवर बसलो. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली, की उस्ताद कसे निर्व्यसनी आहेत, कसे जपून राहणारे आहेत. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्याइले तोंड नाई काय?"

 उस्ताद खाटेच्या कडेवर बसून स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होते.

"मले भेव वाटते," ते म्हणाले.

"कायचं?"

"तुमी नाई म्हणसान, याचं."

ती सूप खाली ठेवून आत गेली. बराच वेळ आली नाही. आतून भांड्यांचा आवाज येत होता.  मला वाटलं, आता उठावं. तेवढ्यात ती चहा घेऊन आली, आमच्यापुढे ठेवला आणि उंबऱ्यावर बसली.

"माह्ये पह्यले मालक कामाले दूर दूर जात," ती म्हणाली. "मी वाट पाह्यत बसो. अर्धा जलम त्याच्यातच गेला. तुमचंबी कामच तसं. मी पुन्यांदा वाट पाह्यत बसणारी बाई नोहो."

"गाडी सोडतो मी," उस्ताद ताबडतोब म्हणाले. मी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ते खरंच बोलत होते.

"सोडू नका," ती म्हणाली. "मले शिकवा."

त्यांचं लग्न वस्तीवरच झालं. ताडपत्री त्याच व्यापाऱ्याची होती आणि संत्री निवडणाऱ्या सगळ्या बायका वरपक्षाकडून आल्या होत्या. लेकीनं आईच्या कपाळावर स्वतःच्या हातानं कुंकू लावलं. उस्ताद त्यानंतर घाटाखालीच राहिले. मालकाची नोकरी सोडली आणि एक जुना लहान टेम्पो घेतला. त्यांची खाट ढाब्यावर रिकामी राहायला लागली. आम्ही आपापल्या मार्गाला लागलो, भेट होईनाशी झाली.

गेल्या हिवाळ्यात मी त्या बाजूला गेलो होतो. दुपारची वेळ, रस्ता सरळ, दोन्हीकडे तूर उभी. माझी गाडी भरलेली, त्यामुळे आरामात चाललो होतो. मागून कोणीतरी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, मग सलग. आरशात बघतो तर संत्र्यांनी खच्चून भरलेला एक टेम्पो. मी जरा अंग चोरलं तसा तो उजवीकडून माझ्या बरोबरीला आला. स्टेअरिंगवर ती होती. पदर खोचलेला, केस वाऱ्यानं उडालेले, दात दिसतील एवढं हसू.

"व्हा बाजूले भाऊजी!" ती माझ्या खिडकीकडे तोंड करून ओरडली. तो टेकडीवरून परत येणारा आवाज मी इंजिनाच्या घरघरीतही ओळखला. "माल तापून राह्यला!"

तिच्या अलीकडे, माझ्या बाजूच्या खिडकीशी उस्ताद बसले होते. जाडजूड झाले होते, डोक्याचे केस पांढरे झाले होते. मी हॉर्न दिला, हात केला, मोठ्यानं हाक मारली. त्यांनी मला पाहिलंच नाही. त्यांचं रस्त्याकडेही लक्ष नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते.

मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.